आधी वाढणाऱ्यांची पंगत

पंचूमामांनी मला पहिल्याच दिवशी दारात थांबवलं, ते मी अजून विसरलेले नाही. पोटात भूक असताना झालेला अपमान कुणीच विसरत नाही, आणि माझा स्वभाव तर मुळातच विसरण्यातला नाही.

तंजावूरच्या एका कॉलेजात गणित शिकवायला मी कऱ्हाडहून आले होते. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत एका घराच्या माडीवर खोली घेतली होती. स्वयंपाक मला येत नाही असं नाही, पण एकटीसाठी कुकर लावायचा जन्मजात कंटाळा. घरमालकीण म्हणाली, कोपऱ्यावर रावांची मेस आहे, दुपारचं जेवण चांगलं मिळतं, आणि ते तुमच्यातलेच आहेत. ‘तुमच्यातलेच’ म्हणजे मराठी बोलणारे. सुट्टीचा दिवस होता. मी पावणेअकरालाच जाऊन पोचले. शटर अर्धं वर होतं. वाकून पाहिलं तर दोन टेबलं जोडून आठ-नऊ माणसं केळीच्या पानांवर जेवायला बसली होती आणि खांद्यावर टॉवेल टाकलेला एक उंच म्हातारा बादलीतून त्यांना सांबार वाढत होता. मी आत पाऊल टाकणार तेवढ्यात तो बादलीसकट दाराशी आला आणि तमिळमध्ये म्हणाला, आत्ता नाही, साडेअकराला.

“पण आत लोक जेवताहेत की,” मी वैतागून मराठीतच बोलले.

म्हाताऱ्याचा चेहरा एकदम उजळला. “मराठी काय तुम्ही? बसा, बसा. हे बाकावर बसा. ताक देतों.” मला वाटलं आता आत घेईल. पण त्यानं बाहेरच्या बाकाकडेच हात केला. “आत ते गिऱ्हाईक नव्हे. ते आमची माणसं. ते जेवल्यावर तुम्ही.”

पाऊण तास मी त्या बाकावर बसले. ताक आल्याचं आणि कढीलिंबाचं होतं, उत्तम होतं, पण रागाच्या भरात ते कबूल करायची माझी तयारी नव्हती. साडेअकराला शटर पूर्ण वर गेलं आणि मघाशी जेवत असलेली तीच माणसं हात धुऊन, केस सारखे करून आम्हाला वाढायला उभी राहिली. कुणी भात आपटत नव्हतं, कुणी घाई करत नव्हतं. माझं पान कोरडं पडायच्या आत रस्सम येत होतं. त्या दिवशी मी तिथं इतकी जेवले की संध्याकाळी चहासुद्धा घेतला नाही. पुढची सहा वर्षं माझं दुपारचं जेवण तिथंच झालं.

त्यांचं खरं नाव पंचनदराव. आई तिरुवैयारूची, म्हणून तिथल्या देवाचं नाव लेकाला ठेवलेलं. गल्लीनं त्याचं पंचू केलं आणि मी मामा जोडलं. तमिळ माणसं त्यांना ‘राव अय्या’ म्हणत. ते मला टीचर म्हणत. त्यांचं मराठी ऐकताना मला पहिले काही महिने आपली पणजी तमिळ शिकून आली आहे असं वाटायचं. शब्द जुने, हेल तिकडचा. देवनागरी त्यांना वाचता येत नसे. एकदा मी माहेराहून आणलेल्या डब्याला गुंडाळलेला मराठी वर्तमानपत्राचा कागद त्यांनी सरळ करून हातात धरला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “यांत जेवणाचं काय लिहिलंय?” काही नाही, निवडणुकीचं आहे, असं म्हटल्यावर घडी घालून परत दिला.

मामा आपल्या मेसमध्ये कधी खुर्चीवर बसले नाहीत. आणि त्यांना जेवताना कुणी पाहिलं नाही. “मामा, तुम्ही?” असं कुणी विचारलं तर ठरलेलं उत्तर असे, “माझं होतें मागून.” हे मागून म्हणजे केव्हा, कुठे, कुणालाच ठाऊक नव्हतं. बायको होती तोवर चार वाजता घरी जाऊन जेवत असावेत. ती गेल्यावर तेही कुणाला कळलं नाही.

साडेदहाची ती माणसांची पंगत हा त्या मेसचा कणा होता. गावातल्या बाकीच्या हॉटेलांत कामाची माणसं तीन-साडेतीनला जेवतात, उभ्यानं, उरलेलं. मामांच्या इथं उलटं. पहिलं ताजं पान माणसांचं, नऊच्या नऊ पदार्थ, शुक्रवारी उडदाच्या पिठाची डांगर पचडीसुद्धा, आणि वाढणार खुद्द मालक. याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही केळीची पानं पुसता पुसता, माझ्याकडे न बघता.

“आमचे बाबा दुसऱ्यांच्या हॉटेलांत तीस वर्षं भात शिजवले. चार वाजता भांड्याच्या बुडाचं खरवडून, चुलीपाशी उभ्यानं जेवत. मी शाळेंतून तिकडे जाई तेव्हा पाहिलोंय. पानावर जेवत ते घरीं, सणाला तेवढे.” मग थांबून म्हणाले, “उपाशी माणसाच्या हाताला घाई असते, टीचर. रस्सम सांडते.”

मेस त्यांच्या बाबांनीच म्हातारपणी काढली होती आणि पहिल्या दिवशी हा एकच नियम घातला होता. मामांनी तो कुणासाठी मोडला नाही. त्यांचा मुलगा मोहन चेन्नईत कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्याचे सासरे एकदा मोठी गाडी करून, न कळवता, सहकुटुंब पावणेअकराला दारात उतरले. कमरेला रेशमी वेष्टी, गळ्यात साखळी. मामांनी हात जोडले, क्षेम विचारलं आणि सगळ्यांना बाकावर बसवून ताक दिलं. आतमध्ये सेल्वमनं हे पाहिलं आणि तो भराभर घास गिळायला लागला. सेल्वम म्हणजे मेसचा सरक्कू मास्टर. हॉटेलातल्या मुख्य स्वयंपाक्याला तिकडे असं म्हणतात. मामा आत गेले आणि त्याच्या पानावर आणखी भात घालून तमिळमध्ये म्हणाले, हळू जेव. व्याही चाळीस मिनिटं उन्हात बसले आणि पुन्हा कधी आले नाहीत. सूनबाईंनी वर्षभर धुसफूस केली. मी मामांना म्हटलं, तेवढा एक दिवस चाललं असतं. ते म्हणाले, “त्यांना वाढणारी पुष्कळ आहेत. सेल्वमला कोण वाढतो?”

माणूस कामावर घ्यायची त्यांची रीतही याच पंगतीतली. आलेल्याला आधी पानावर बसवायचं. काय येतं, कुठं काम केलंस, काही विचारायचं नाही. फक्त जेवताना पाहायचं. “शेजारच्याच्या पानांतला भात संपला हे ज्याला दिसतें, तो माझा माणूस. बाकी शिकवतां येतें.” पूर्वी म्हणे दहा बसत आणि दोघांना काम मिळे. माझ्या काळात हे उलटं झालं होतं. दोघं येत, जेवत आणि पगाराचा आकडा ऐकून हात पुसत निघून जात. एक जोडी तर दर पंधरा दिवसांनी ‘कामाला’ म्हणून येऊन जेवून जाई. मामांना ते कळत होतं. तिसऱ्या खेपेला मी तसं बोलून दाखवलं तर म्हणाले, “त्यांतला एक शेजाऱ्याच्या पानाकडे पाहतो. येईल कधी.” तो कामाला कधीच आला नाही.

माणसं मिळेनाशी झाली होती ती सगळीकडेच. खेड्यांतली जाणती माणसं तिरुप्पूरच्या गिरण्यांत, कोइम्बतूरच्या कारखान्यांत, नाहीतर आखातात. शिकलेली मुलं ताट वाढायला तयार नाहीत, आणि का असावीत, हे मीच वर्गात त्यांना शिकवत होते. मेसच्या दारावर ‘कामाला माणसं पाहिजेत’ अशी तमिळ पाटी लागली. मामांनी ती स्वतः सुबक अक्षरात लिहिली होती, चारही बाजूंना लाल रेघ ओढून. पहिल्या वर्षी ती अधूनमधून उतरायची. मग ती तिथंच राहिली आणि उन्हानं लाल रेघ गुलाबी होत गेली. त्यांनी पगार वाढवले, पुन्हा वाढवले. त्यासाठी जेवणाचा दर दोनदा वाढवावा लागला. दुसऱ्यांदा वाढवला तेव्हा कुरकुर करणाऱ्यांत मी पुढे होते, हे इथं लिहिलेलं बरं. वाढपी दोघं पार्सल पोचवणाऱ्या मोटरसायकलींवर गेले. त्यातला एक पुढे आमच्याच मेसमधून पार्सलं न्यायला येऊ लागला. मामा त्यालाही बाकावर बसवत आणि विचारत, “खाल्लास काय?”

एजंटामार्फत ओरिसातला बिपिन आला तो त्याच सुमारास. तमिळ शून्य, मराठी शून्य, हसू भरपूर. पहिल्या दिवशी पंगतीत जेवला, आणि जेवण झाल्यावर त्यानं पानाची आपल्याकडची कड उचलली आणि पलीकडे दुमडली. भांडी घासणाऱ्या कालियम्मानं तोंडावर हात ठेवला. सगळ्यांचे घास थांबले.

त्या बाजूला पान मुडपायची रीत आहे. वरची कड आपल्याकडे आणून घडी घातली की जेवण पोटभर झालं, पुन्हा येईन. आपल्याकडून पलीकडे घडी घालायची ती तेराव्याच्या जेवणात, असं दुःख पुन्हा नको म्हणून. बिपिनला बिचाऱ्याला हे काय माहीत. त्याचं हसू मावळलं. मामा पुढे झाले, त्याचं उष्टं पान आपल्या हातानं उलगडलं, भिंतीवरच्या हार घातलेल्या बायकोच्या फोटोकडे बोट केलं आणि घडी पलीकडे घालून दाखवली. मग पान पुन्हा उलगडलं, बिपिनच्या छातीवर बोट टेकवलं, आणि घडी त्याच्याकडे घातली. “नाळै वा,” म्हणाले. उद्या ये.

बिपिनला हे इतकं पटलं की तो पुढे गिऱ्हाइकांच्या पानांवरही लक्ष ठेवू लागला. पर्यटक पानं कशीही टाकून उठतात. हा ती गोळा करताना एकेक उलगडून सरळ मुडपायचा आणि मगच टोपलीत टाकायचा. कामाला उशीर व्हायचा. मामा त्याला रागावले नाहीत. दीड वर्षानं तो बहिणीच्या लग्नाला गावी गेला. निघायच्या सकाळी पंगतीत जेवला, पान आपल्याकडे मुडपून वर तळहातानं दाबलं. पंधरा दिवसांनी येतो म्हणून गेला, तो तिरुप्पूरहून फोनवरच सापडला. गिरणीत लागला होता, राहायला खोली होती, ओव्हरटाइम होता. मामा त्यानंतर पंगतीला एक पान जास्त कापत. महिनाभर मी ते पाहिलं. मग एके दिवशी कालियम्मानंच ते उचलून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी मामांनी मोजकीच पानं कापली.

असं होत होत माणसं चारावर आली, मग तीनवर. मामा स्वतः, सेल्वम आणि कालियम्मा. मामांचं वय तोवर अडुसष्ट-एकोणसत्तर. पहाटे भाजी तेच आणत, चिरत तेच, नारळ खवत तेच. मोहन फोनवरून सांगे, अप्पा, बंद करा, इकडे या. मामा म्हणत, “तिकडे येऊन मी कुणाला वाढूं?” हात कमी झाले तसा स्वयंपाक उशिरा व्हायला लागला. साडेदहाची पंगत सव्वाअकराला बसू लागली आणि शटर वर जायला बारा वाजू लागले. कोर्टातली, कचेरीतली माणसं तासाभराच्या सुट्टीत येत. ती बाकावर किती बसणार? समोरच एक चकचकीत जागा झाली होती, तिथं दारात हात जोडून आत बोलवायला माणूस ठेवला होता. आमच्या बाकावरची माणसं एकेक करून उठून रस्ता ओलांडू लागली. दोघं माणसं आत जेवताहेत आणि बाहेरची वीस माणसं समोर चालली आहेत, हे मी तीन महिने पाहिलं आणि मला राहवेना.

मी गणिताची बाई. एका उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या पानावर मी वेळापत्रक आखलं. सव्वाअकराला शटर वर. माणसांचं जेवण अडीचनंतर, जमेल तसं. पाऊण तास वाचला की दोन पंगती जास्त बसतात, त्यातून आणखी दोन माणसांचा पगार निघतो, माणसं आली की पुन्हा साडेदहाची पंगत सुरू करता येईल. सगळं बरोबर होतं. मी ते तीनदा तपासलं होतं. मामांनी कागद घेतला, माझं बोलणं पूर्ण ऐकलं आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. चार दिवस तो तिथंच दिसत होता. घामानं त्याची घडी ओली झालेली. पाचव्या दिवशी, सोमवारी, मामांनी सव्वाअकराला शटर वर केलं.

त्या दिवशी मेस भरली. सगळी टेबलं भरली, बाहेर माणसं उभी राहिली. मी जेवून कॉलेजात गेले तेव्हा मनातून फुलले होते. खोटं कशाला बोलू, मला स्वतःचा अभिमान वाटला होता. तीन वाजता तास संपल्यावर मुद्दाम वाट वाकडी करून मेसमध्ये डोकावले.

स्वयंपाकघरात मोरीपाशी सेल्वम उभ्यानं जेवत होता. स्टीलच्या ताटलीत भात आणि रस्सम. भाजी संपली होती, सांबार संपलं होतं. कालियम्मा मागच्या पायरीवर ताटली मांडीत घेऊन बसली होती. मामा दोघांच्या मध्ये उभे होते, हातात वाढायची बादली, आणि बादली रिकामी. ते एकदा सेल्वमकडे बघत, एकदा बादलीत. मला म्हणाले, “आज चांगलं झालं, टीचर.” सेल्वमनं ताटली धुतली, पालथी घातली, कमरेचं फडकं काढून रोजच्या खिळ्याला अडकवलं आणि गेला. मुडपायला पान नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशी मामांनी फोन लावला. बायपासवरच्या मोठ्या हॉटेलवाल्यांचं त्याला चार वर्षांपासून बोलावणं होतं. पगार जवळजवळ दुप्पट, राहायची सोय, आठवड्याला सुट्टी. चार वर्षं त्यानं ते मामांना कळूही दिलं नव्हतं. सेल्वम फोनवर एवढंच बोलला, “अय्या, उभ्यानंच जेवायचं असेल तर तिथं पगार जास्त आहे.”

हे मामांनी मला जसंच्या तसं सांगितलं. दोष देत नव्हते. तांदूळ निवडत सांगितलं. त्या माणसाला बावीस वर्षं त्या मेसमध्ये काय धरून ठेवत होतं, ते माझ्या कागदावर कुठंच नव्हतं. मी पाऊण तास मोजला होता आणि त्या पाऊण तासात काय होत होतं ते माझ्या डोळ्यांसमोर सहा वर्षं घडत असून मला दिसलं नव्हतं. मामांनी बुधवारपासून साडेदहाची पंगत पुन्हा बसवली. पंगत कसली, एकटी कालियम्मा. ती जेवे आणि मामा समोर उभे राहून वाढत.

सेल्वमच्या जागी दोन स्वयंपाकी येऊन गेले. एक चार दिवस टिकला, दुसऱ्यानं दुपारी डाळ करपवली आणि चहा प्यायला म्हणून गेला तो गेलाच. मग मामाच चुलीशी उभे राहिले. आपल्या बाबांसारखे. वाढायला कुणी नव्हतं. जेवणारे हातानं घेऊ लागले, मीही भाताचं पातेलं फिरवलं, पण ते आठ-दहा दिवस. पाठीनं दगा दिला आणि एका शुक्रवारी मामांनी ठरवलं की पुरे.

त्या शेवटच्या सकाळी मला त्यांनी साडेदहाला बोलावलं होतं. मी बाकावर बसायला गेले तर म्हणाले, “आज आंत या.” आत कालियम्माचं पान मांडलेलं. शेजारी माझं. डांगर पचडी होती. मामांनी दोघींना वाढलं, दोनदा विचारून वाढलं. मी म्हटलं, मामा, तुम्हीही बसा. “माझं होतें मागून.” कालियम्मानं डोळे पुसत पान आपल्याकडे मुडपलं. मीही मुडपलं.

“मामा, माझं चुकलं,” मी म्हणाले. “तो कागद द्यायला नको होता.”

“तुम्ही कागद दिलात. शटर मी उचललों.” त्यांनी पानं गोळा केली. “बाबांचं ऐकलों नाही मी. तुम्ही काय कराल त्याला.”

शटर खाली आलं. ‘कामाला माणसं पाहिजेत’ ही पाटी तशीच राहिली. त्यानंतर मी खोलीवर कुकर लावायला लागले आणि कोपऱ्यावरून जायचं टाळू लागले. मामा चेन्नईला गेले असं घरमालकीण म्हणाली. मला बरं वाटलं. भेटायचं नव्हतं मला, हे खरं.

वर्षाभरानं कॉलेजच्या कामासाठी आम्ही चार-पाच जणी व्हॅननं तिरुचीला गेलो होतो. परतताना चारच्या सुमारास कुणीतरी कॉफीचं नाव काढलं आणि व्हॅन बायपासवरच्या त्या मोठ्या हॉटेलापाशी थांबली. सेल्वम कामाला लागला ते हेच, हे मला पाटी बघून कळलं. मी हात धुवायला म्हणून मागच्या बाजूला गेले. तिथल्या जाळीच्या खिडकीतून स्वयंपाकघरामागचं अंगण दिसत होतं. कामाची माणसं जेवत होती. सात-आठ जण, उभ्यानं, ताटल्या हातात. त्यांच्यात पंचूमामा.

अंगात हॉटेलचा मरून टी-शर्ट, त्यावर तमिळमध्ये ‘या, जेवा’ असं छापलेलं. टोपी काखेत. तेही ताटली घेऊन उभे होते. चेन्नईला ते टिकले नव्हते, की गेलेच नव्हते, कोण जाणे. माणसांची टंचाई अशी की सत्तरीच्या माणसालाही त्यांनी ठेवून घेतलं होतं, दारात हात जोडायला. एवढ्यात आतून सेल्वम आला. डोक्यावर पांढरी उंच टोपी, हातात केळीचं पान. त्यानं भाजीचा एक रिकामा क्रेट पालथा घातला, दुसरा समोर ठेवला, त्यावर पान पसरलं, पाणी शिंपडलं. मामा नको म्हणत होते. सेल्वमनं त्यांच्या हातातली ताटली काढून घेतली आणि खांदा दाबून त्यांना खाली बसवलं. मग वाढलं. भात, सांबार, भाजी. त्याचे हात सावकाश चालत होते.

मामांना जेवताना मी पहिल्यांदा पाहिलं. लहान लहान घास घेत, मान खाली. मध्येच हात थांबला. शेजारी उभ्यानं जेवणाऱ्या भांडीवाल्याच्या ताटलीकडे त्यांनी वर मान करून पाहिलं आणि सेल्वमला बोटानं खूण केली, त्याला भात. मला हुंदका आवरेना. मी नळ सोडून ठेवला.

आतून कुणीतरी ओरडलं, गाड्या आल्या होत्या. मामा उठले. पानाची आपल्याकडची कड दोन्ही हातांनी उचलली आणि पलीकडे घडी घातली. घाईत झालं असेल, असं मी कितीदा तरी स्वतःला सांगून पाहिलं आहे. पण ज्या माणसानं शेकडो जणांना ती घडी शिकवली, त्याच्या हातून तसं चुकून होणार नाही. त्यांनी टोपी डोक्यावर चढवली, सारखी केली आणि दाराकडे गेले.

सेल्वम पानाकडे बघत उभा राहिला. मग खाली वाकला, पान उलगडलं, त्याची वरची कड मामा बसले होते त्या बाजूला आणली, तळहातानं दाबली, आणि मगच ते टोपलीत टाकलं.

मी कॉफी घेतली नाही. डोकं दुखतंय सांगून मागच्या बाजूनंच व्हॅनमध्ये जाऊन बसले. व्हॅन वळली तेव्हा पुढचं दार दिसलं. एका गाडीतून माणसं उतरत होती आणि मामा हात जोडून, कमरेत थोडे वाकून, त्यांना आत चला म्हणत होते. मागून दुसरी गाडी आली. त्यांनाही तसंच. ते कुणालाच थांबवत नव्हते.